आप्पांनी रोवलेला दगड

मुलाखतीला गेले तेव्हा मन्मथ बिराजदारांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. नांदेडमधल्या त्या दोन खोल्यांच्या सर्व्हे ऑफिसात ते टेबलाच्या पलीकडे ताठ बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि समोरच्या माणसाने आत्ताच काहीतरी खोटं सांगितलं असावं अशी नजर.

"उत्तर कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून आलेलं ऊन पाहिलं आणि दाराकडे हात केला.

"कुणी सांगितलं?"

"ऊन या बाजूने येतंय, सर. म्हणजे ती पूर्व."

"महिना कुठला चालूय?"

"पौष."

"मग? पौषात सूर्य उगवतो तिथं चैत्रात उगवतो का? तुमची उत्तर त्या कपाटाकडं सरकली." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "चुकलात. पण मोबाइल न काढता खिडकीकडं बघितलात. उद्यापासून या."

मी हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि सिव्हिलची पदवी घेतलेली मुलगी तर आमच्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हती. शिवारात तिपाई मांडून दुर्बिणीला डोळा लावणारी बाई म्हणजे गावाला तमाशाच. अशा मुलीला फील्डवर न्यायला बाकी दोन ऑफिसं कचरली होती. बिराजदारांनी मात्र बाई म्हणून माझ्यावर संशय घेतला नाही. माणूस म्हणून घेतला, जसा ते सगळ्यांवर घ्यायचे. त्या बरोबरीबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

सगळे त्यांना आप्पाच म्हणत. ते मूळचे उदगीरकडचे. घर लातूरला, ऑफिस नांदेडला, आणि आयुष्याचा मोठा भाग या दोन्हींच्या मधल्या शिवारांत गेलेला. पहिला महिनाभर ते मला 'मॅडम' म्हणाले. नंतर 'माय' म्हणायला लागले, तेव्हा आपण ऑफिसात रुजलो असं मी समजले.

कामाचा प्रकार बदलला की आप्पांच्या संशयाचं तोंड बदलायचं. हद्दीची मोजणी असली की त्यांना माणसांचा संशय. जमिनीचे चढउतार नकाशावर आणायचे असले की झाडाझुडपांचा आणि ढिगाऱ्यांचा. रस्त्याची किंवा कालव्याची आखणी असली की आधीच्या सगळ्या नकाशांचा. इमारतीचा लाइनआऊट, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी, द्यायचा असला की गवंड्याच्या दोरीचा. आणि काम पुरं झाल्यावर जे बांधलं ते ठरल्याप्रमाणे बांधलं का, हे मोजायची वेळ आली की ते म्हणायचे, "आता आपल्यावरच नजर ठेवायची. आता चूक सापडली तर ती झाकायला सगळ्यात आधी आपलेच हात पुढं येतात."

घरीदारीही तेच. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की पूजेला नमस्कार करून ते थेट न्हाणीघरात शिरत, तांब्याभर पाणी फरशीवर ओतत आणि वाकून बघत उभे राहत. पाणी जाळीकडे गेलं तर बाहेर येऊन गोड खायचे. नाही गेलं तर यजमानाला तिथल्या तिथे सांगायचे. लातूरला त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मला एकदा म्हणाल्या, "ह्यांना कोण बी सणाला बोलवायला भितंय बाई. एका लग्नात आंतरपाट धरलेला, तर हे म्हणाले एका बाजूनं खाली आलाय. भटजीनं बी वर उचलला."

"आलाच होता," आप्पा आतून म्हणाले.

औशाकडच्या रस्त्याला एक प्लॉटिंग होणार होतं, तिथे हद्द बघायला आम्ही गेलो. लगतची जमीन दोन भावांची. दोघांचा एकमेकांशी अबोला, पण आम्हाला चहा पाजण्यात चढाओढ. थोरल्याने खुर्च्या मांडल्या, तर धाकट्याने थंड बाटल्या आणल्या. आप्पांनी दोन्हीकडे हात जोडले. हद्दीच्या मोजणीत ते पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. मधल्या बांधावरच बसायचे, भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं सोडायचे आणि सगळ्यांच्या देखत जेवायचे.

त्या भावांची म्हातारी आई तांब्या घेऊन आली. "घे रं बाबा. इख न्हाई घातलेलं त्याच्यात."

"इख नसंल माय. पण पाणी थोरल्याच्या हिरीचं हाय का धाकट्याच्या?"

म्हातारीने तांब्यात पाहिलं. "थोरल्याच्या."

"मग धाकटा म्हणंल, मोजणीवाला थोरल्याचं पाणी पिला."

"आणि धाकट्याच्या हिरीचं आणलं असतं तर?"

"तर थोरला म्हणाला असता."

"मग तू तहानलेलाच मरशील की रं," म्हातारी म्हणाली, आणि आप्पा मनापासून हसले. असे हसताना ते क्वचित दिसत.

त्या दिवशी ते पाणी प्यायले ते शफीभाईंनी नांदेडहून भरून आणलेल्या जारमधलं. शफीभाई आमचे स्टाफमन. स्टाफ म्हणजे आकडे कोरलेली उंच पट्टी. एकाने ती ठरलेल्या जागेवर सरळ उभी धरायची, दुसऱ्याने लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा, आणि त्यावरून जमीन कुठे किती उंच आहे ते काढायचं. आप्पा दुर्बिणीशी आणि शफीभाई पट्टीशी, असं त्या दोघांचं आयुष्य चाललेलं. मी त्या ऑफिसात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून. दोघांमध्ये शेताची लांबी असायची, तरी त्यांना ओरडावं लागत नसे. आप्पांनी तळहात कलता केला की शफीभाई पट्टी केसभर डावीकडे आणायचे.

शफीभाई बोलके. शिवारात गेलो की चार पोरं गोळा होत. "फोटो काढून राहिले का?" असं कुणी विचारलं की शफीभाई म्हणत, "हौ, केस विंचरून या." आप्पांच्या संशयाची थट्टा करायची मुभा त्यांना एकट्यालाच होती. "आमच्या आप्पाला सावलीचा बी भरोसा न्हाई," ते मला म्हणाले होते. "दुपारी जवळ येती आन संध्याकाळी लांब जाती, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतेत." आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. डब्यात आप्पांना चालणार नाही असं काही शफीभाई फील्डच्या दिवशी आणत नसत, आणि ही गोष्ट दोघांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

आप्पांचा संशय खरा ठरायचा, म्हणून तो आम्हाला पटायचा. हदगावकडे एका गोदामाच्या जागेचा नकाशा दुसऱ्या एका ऑफिसाने ड्रोन उडवून केला होता. रंगीत, देखणा नकाशा. त्यात जागेच्या एका कोपऱ्यात छोटी टेकडी होती, आणि ती तोडून सपाट करण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरलेला. आप्पांनी नकाशा उलटा धरला, तिरका धरला. "त्या शिवारात टेकडी? कुणी सांगितलं?" जाऊन बघतो तर सोयाबीनच्या भुसकटाचा भलामोठा ढीग.

"ही टेकडी जनावरं खाऊन टाकतील," आप्पा म्हणाले. "गुत्तेदाराला म्हणावं, थोडं थांब."

पण ड्रोन वाईट, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. पुढच्याच महिन्यात माझ्याकडून त्या कामाची सगळी पद्धत समजावून घेतली. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. कुणाचंही, कशाचंही म्हणणं एका तोंडून ऐकून घ्यायचं नाही, एवढंच.

भोकरकडच्या एका गावाचं काम आलं तेव्हा मला ऑफिसात येऊन बरेच दिवस झाले होते. गावाच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती, तिच्यासाठी सांडपाण्याची नाली करायची होती. वस्तीपासून निघून ओढ्यावरच्या पुलाखाली ती सोडायची. जमीन इतकी सपाट की पाणी वाहायला उतार जेमतेम मिळत होता. चार बोटांचा फरक पडला तर नाली वस्तीच्या उंबऱ्यांना भिडणार आणि पाणी ओढ्याकडे जायचं सोडून अंगणात उलटं येणार. दर पावसाळ्यात ते येतच होतं. तिथल्या एका बाईने, चंद्रकलाबाई त्यांचं नाव, मला भिंतीवरची ओल दाखवली होती. "हितपर्यंत येतं बघा पानी. लेकरं बाजंवर बसवून ठेवावं लागतंय."

मे महिन्यात आम्ही मोजणी केली. अशा कामात एक पक्की खूण लागते, जिच्या उंचीवरून बाकी सगळ्या उंच्या मोजायच्या. लोक देवळाची पायरी घेतात, शाळेचा ओटा घेतात. आप्पांना ते मान्य नव्हतं. "देवळाला फरशी बसवतील. ओट्यावर गिलावा चढवतील. कुणाच्या पायरीवर इमान ठेवायचं?" शाळेमागच्या काळ्या रानात त्यांनी स्वतः खड्डा घेऊन सिमेंटचा दगड रोवला. खड्डा खणताना दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शफीभाई आणि मी पुलाकडे होतो. दुपारी पहार खणकन वाजल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. खाली मुरूम लागला, असं आप्पा संध्याकाळी म्हणाले. त्या दगडावरून आम्ही वस्ती मोजली, पूल मोजला, जुन्या दगडी विहिरीचा काठ मोजला. सगळ्या कामात आप्पा नि:शंक होते ते त्या एका दगडाबद्दल. तो त्यांचा होता.

पावसाळा सरत आला तेव्हा गुत्तेदाराला, म्हणजे नालीच्या ठेकेदाराला, खोदाईची खोली द्यायला आम्ही पुन्हा गेलो. आप्पांनी आधी दगडावर पट्टी धरून आकडा घेतला, मग पुलाखाली. तिथे तळाला उघडा खडक आहे. आप्पांनी हिशेब केला, पुन्हा केला, मला करायला लावला. मे महिन्यात पुलाखालचा खडक दगडापेक्षा जितका खाली होता, त्याहून आता तो चार बोटं जास्त खाली निघत होता.

खडक काही खचत नाही.

आप्पा बराच वेळ दुर्बिणीपाशी उभे राहिले. पुलाकडे बघत होते. शफीभाई खाली ओढ्यात पट्टी धरून उभे, घोट्याइतक्या पाण्यात. वर रस्त्यावर गुत्तेदाराची माणसं, आणि नाली कधी होणार म्हणून आलेली वस्तीतली आठदहा मंडळी.

आप्पांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. तेच माझ्याही मनात येऊ लागलं होतं. पट्टी धरणाऱ्याने ती जमिनीवर न टेकवता चप्पलेच्या अंगठ्यावर उचलून धरली, तर लांबून कुणाला दिसत नाही आणि जागा आहे त्याहून उंच निघते. पुलाखालचा खडक उंच दाखवला तर तिथे खडक फोडायचं काम कमी होतं. खडक फोडण्याचा जाच गुत्तेदाराला होता. आणि मे महिन्यात गुत्तेदाराच्या मोटारसायकलवरून शफीभाईंना फाट्यापर्यंत जाताना आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. एकदा असं जोडायला लागलं की सगळं जुळत जातं. शफीभाईंचं हसणं, गुत्तेदाराशी त्यांचं चहा पिणं, सगळ्याला वेगळाच रंग चढतो.

आप्पा उतरून पुलाशी गेले. मी मागोमाग.

"चप्पल काढ," आप्पा म्हणाले.

शफीभाईंना वाटलं थट्टा आहे. "काऊन आप्पा? ओढा बाटतो का काय?"

"चप्पल काढ आणि पट्टी उघड्या खडकावर धर."

वरची मंडळी रस्त्याच्या कडेला सरकली. शफीभाईंनी आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वाकून एक चप्पल काढली, दुसरी काढली, काठावर शेजारी शेजारी ठेवली आणि अनवाणी पायांनी पट्टी धरून उभे राहिले. आप्पा परत दुर्बिणीपाशी गेले. आकडा तोच आला. आप्पांच्या लेखी ते सिद्धच झालं. आजचा आकडा खरा, म्हणजे मे महिन्यातला खोटा.

"मे महिन्यात पट्टी कशावर धरली होतीस?" त्यांनी वरूनच विचारलं. मोठ्याने. या दोघांना एकमेकांवर ओरडताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"खडकावर."

"गुत्तेदाराच्या गाडीवर बसून गेलास तवा काय बोलणं झालं?"

"बस चुकली होती, आप्पा. जुम्म्याचा दिवस होता." शफीभाईंचा आवाज मात्र चढला नव्हता. "मे महिन्यात माझा पाय कुठं होता, हे आज कसं दाखवू तुम्हाला?"

शफीभाई पाण्यातून बाहेर आले. पट्टी पुसली, घडी केली, म्यानात घातली आणि माझ्या हातात दिली. चप्पल पायात न घालता हातात घेतली आणि फाट्याच्या दिशेने चालू लागले. पाण्याचा जार आमच्या गाडीत तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सगळं पुन्हा मोजायला काढलं. पट्टी मी धरली. दगडावरून सुरुवात करून आम्ही जुन्या विहिरीपाशी आलो. ती विहीर खालच्या खडकातून दगड रचत वर आणलेली, कुणाच्या बापजाद्यांच्या काळातली. तिचा काठही चार बोटं खाली निघाला.

आप्पांनी मान वर केली. "इथं मे महिन्यात पट्टी कुणी धरली होती?"

"मी, आप्पा."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. क्षणभरच. माझ्या पायात बूट होते. मग ती नजर माझ्या पायांवरून उठली आणि हळूहळू मागे, शाळेच्या दिशेने वळली. विहीर आणि पूल, दोन टोकांच्या दोन जागा, दोन वेगळ्या माणसांनी धरलेल्या, सारख्याच खाली गेल्या होत्या. त्या गेल्या नव्हत्या. दगड वर आला होता.

त्यांनी गुत्तेदाराच्या माणसाकडून कुदळ मागून घेतली आणि स्वतः दगडाच्या कडेने खणायला लागले. पांढऱ्या शर्टाची पर्वा केली नाही. दगडाच्या बुडाशी मुरूम नव्हता. काळी माती होती, पावसाने फुगलेली, हाताला चिकटणारी. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं आणि लोखंडासारखं कडक होतं. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं आणि वर असेल ते उचलतं. हे मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या भिंतीला ठाऊक आहे. आप्पांना तर माझ्याआधीपासून ठाऊक होतं. पण मे महिन्याच्या त्या दुपारी पहार खणकन वाजली आणि त्यांनी तो आवाज मुरमाचा मानला. तिथे दुसरं कुणी असतं तर ते म्हणाले असते, कुणी सांगितलं? स्वतःला त्यांनी विचारलं नाही.

तो दगड उपटून आप्पांनी बाजूला टाकला. विहिरीचा काठ पक्का धरून सगळं नव्याने बसवलं. मे महिन्यात काढलेला उतारच बरोबर होता. दगडावर विसंबून खोदाई दिली असती तर मात्र नाली चार बोटं वर बसली असती आणि वस्तीत पाणी शिरलं असतं. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावून आप्पा म्हणाले, "चूक माझी हाय. दगड मी रोवला, मीच वरवर रोवला. पट्टी धरणाऱ्याचा त्यात काही दोष न्हाई."

गुत्तेदार नखं बघत बसला. चंद्रकलाबाईंनी विचारलं, "म्हंजी आता पानी घरात येनार का न्हाई?"

"न्हाई येणार."

"बरं झालं." त्या उठल्या, पदर सावरला, आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "हे तुमी आमाला सांगून राहिले, ठीक हाय. पन त्या भावाला कोन सांगनार? चपला हातात घेऊन गेला बिचारा. आमी सगळ्यांनी बघितलं."

आप्पांनी खिशातून फोन काढला आणि शफीभाईंचा नंबर लावला.

शफीभाई फोन उचलेनात, म्हणून आठवड्याने आप्पा त्यांच्या घरी गेले. मला बरोबर नेलं. शफीभाईंनी दार उघडलं, आत बोलावलं, खुर्ची दिली. घरातून चहा आला. आप्पांनी कप हातात धरून सगळं सांगितलं, दगड, काळी माती, विहीर, काही न लपवता. "मी चुकलो, शफी."

"दगडाबद्दल चुकलात," शफीभाई म्हणाले. "ते होतं, आप्पा. माती कुणाला फसवत न्हाई? माझ्याबद्दल चुकलात, ते त्या मातीच्या हिशेबात नका धरू."

"परत ये कामावर."

"पट्टी धरायला उभा राहीन तवा दर वेळी माझं ध्यान माझ्या पायाकडं जाईल. आणि तुमचं बी." ते हसायचा प्रयत्न करत होते. "असा माणूस पट्टी सरळ कशी धरंल?"

आप्पांनी चहा संपवला. बाहेर आल्यावर रिक्षात ते एवढंच म्हणाले, "माय, त्याचं बरोबर हाय."

त्यानंतर ऑफिसात नवे स्टाफमन आले, गेले. आप्पा मोजायचे पूर्वीइतकंच कसून, पण माणसांना विचारताना त्यांचा आवाज खाली यायचा. एकदा नव्या मुलाच्या आकड्यात घोळ झाला, तर आप्पा त्याला काही न बोलता स्वतः चालत जाऊन बघून आले. हद्दीच्या मोजणीत पाण्याची बाटली आता स्वतःच आणत. वयही झालं होतं. पुढे ऑफिस बंद करून ते लातूरला राहायला गेले, आणि मला तिथेच एका बांधकामाच्या ऑफिसात काम मिळालं. अधूनमधून मी काकूंकडे जायची. आप्पा खिडकीशी बसून समोर चाललेल्या इमारतीचे खांब ओळंब्यात, सरळ उभे आहेत का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचे, पण बांधणाऱ्याला जाऊन सांगायचं त्यांनी सोडलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "माय, शफी घर बांधून राहिलाय म्हणं. नांदेडच्या बाहेर प्लॉट घेतला त्यानं. येतीस का?"

"बोलावलंय का त्यांनी?"

"न्हाई."

आम्ही गेलो. भोकरच्या रस्त्याला लागून नव्या प्लॉटांची रांग, मध्ये शफीभाईंचा. पाया भरून झाला होता, आणि जोत्याची उंची चारी कोपऱ्यांना सारखी आखायचं काम चालू होतं. गवंडी जेवायला गेले होते. शफीभाई एकटेच होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. हातात पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. तिच्या दोन टोकांना पाणी सारख्याच पातळीला उभं राहतं, त्यावरून गवंडी कोपरे जुळवतात. पण त्या कामाला दोन माणसं लागतात. शफीभाई दुसरं टोक विटांमध्ये अडकवायचा खटाटोप करत होते आणि ते निसटत होतं.

आप्पा रस्त्यावरच थांबले. आत जावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. इतकं अवघडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शफीभाईंनी मान वर केली. आधी मला पाहिलं, मग त्यांना. कुणी सलाम केला नाही, नमस्कार केला नाही. शफीभाई म्हणाले, "तपासायला आलात का?"

"न्हाई."

"मग उभं का राहिलात? ते टोक धरा."

आप्पांनी चपला काढल्या. बांधकामावर कुणी चपला काढत नाही. ओल्या मातीतून अनवाणी चालत ते कोपऱ्यापाशी गेले, उकिडवे बसले आणि नळीचं टोक दगडाला लावून धरलं. शफीभाई समोरच्या कोपऱ्याला गेले. नळीतलं पाणी वरखाली होत होतं.

"हात हलतोय तुमचा," शफीभाई तिकडून म्हणाले.

आप्पांनी दुसरा हातही नळीला लावला.

"घाई करू नका. पाणी थांबू द्या."

आप्पा मान खाली घालून बसून राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या धक्क्याने पाणी पुन्हा हललं, पुन्हा संथ होत आलं. शफीभाईंनी त्यांच्या कोपऱ्यावर खडूने रेघ ओढली. ती कुठे ओढली, ते बघायला आप्पा उठले नाहीत. "पुढचा कोपरा," शफीभाई म्हणाले, आणि आप्पा टोक तसंच दोन्ही हातांत धरून, पाणी सांडू न देता, ते सांगतील तिकडे सरकले.